डावीकडचा ब्रेक

एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर वडवणीला लिफ्ट मागून माझ्या इलेक्ट्रिक गाडीत बसले. नाव विचारायचं राहूनच गेलं. शेजारच्या सीटवर बसून, वळण आलं की ते उजव्या पायाने खालची मॅट दाबायचे.

वैतागून मी म्हणालो, "काका, तुमच्या बाजूला ब्रेक नाही."

"आमच्याकडं न्हाई, कबूल. तुमच्याकडं तरी हाय का?"

मला रागच आला. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ही गाडी आपोआप हळू होते, त्यामुळे ब्रेककडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. तेवढ्यात मेंढरं आडवी आली. बिनआवाजाच्या गाडीला ती कशाला वाट देतील? मी ब्रेक मारला, तर पेडल ओल्या स्पंजासारखं आत गेलं. गाडी मेंढराला नाक लावून थांबली.

हळूहळू गॅरेज गाठलं. ब्रेकच्या पाइपात हवा शिरली होती. मेकॅनिक चाकापाशी बसून हवा काढू लागला. पेडल दाबायला काका स्वतःहून माझ्या सीटवर बसले. "दाबा... सोडा..." मेकॅनिक खालून सांगत होता. काकांच्या चेहऱ्यावर नोकरी परत मिळाल्याचं सुख!

पेडल कडक झालं. निघालो, तर पहिल्याच वळणावर त्यांचा पाय पुन्हा मॅटवर.

"काका, आता ब्रेक नीट झालाय!"

"गाडी झाली हो नीट," ते समोर बघत म्हणाले, "पर डायव्हर तोच हाय की."