कोंबडी

सायकल चालवताना साडी साखळीत अडकते, म्हणून मी भावाची खाकी पँट आणि खाकी शर्ट घातला होता. डोक्यावर वडिलांची जुनी सोलाची टोपी होती. मुंबईहून सुरतेला मावशीकडे एकटीने सायकलवर जायची परवानगी मला आठ महिने मागून मिळाली होती, आणि तीही एका अटीवर. रोज दिवेलागणीच्या आत ठरलेल्या घरी पोहोचायचं. एक जरी संध्याकाळ चुकली तरी वडील गाडीने येणार आणि मला सायकलसकट परत नेणार. त्या दिवशीचं ठरलेलं घर तलासरीला होतं, वडिलांच्या ओळखीच्या एका मास्तरांचं.

तेव्हा मुंबई राज्य अजून एकच होतं. डहाणूहून मी सकाळी लवकर निघाले. गंजाड मागे पडलं तसा रस्ता वर चढू लागला आणि माणसं दिसेनाशी झाली. मला माणसांची भीती वाटायची, आणि माणसं नसण्याचीही. दर वळणाला मी घंटी वाजवत होते. रस्त्यात कोणी नव्हतं, पण घंटी ऐकली की बरं वाटे.

चढावर उतरून सायकल ढकलत होते तेव्हा ठक ठक असा आवाज आला, आणि मी दिसताच बंद पडला.

रस्त्याच्या कडेला ऐनाची झाडं होती. एकावर अर्ध्या उंचीवर एक माणूस फांदीला पाय अडकवून उभा होता. त्याच्या हातात कोयता होता. खाली दुसरा होता, त्याच्या कमरेला कोयता होता. तोडलेल्या डहाळ्यांचा मोठा ढीग पडला होता आणि एक बाई त्याचे भारे बांधत होती. पलीकडच्या उतारावर जमिनीचा एक चौकोन काळा होऊन धुमसत होता. पेरणीआधी पाला, शेण, गवत पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त धूर, दोन कोयते आणि माझ्याकडे रोखून बघणारी तीन माणसं दिसली.

  कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी अनोळखी माणसासमोर घशातच राहायचं. पळावं तर चढ होता. शाळेपासून मला एक सवय होती. लोक बघायला लागले की वही काढायची आणि काहीतरी लिहीत असल्यासारखं करायचं, म्हणजे कोणाकडे बघावं लागत नाही. मी खिशातून वही काढली. डहाणूच्या यजमानांनी तीत रस्ता लिहून दिला होता. तो वाचला, झाडांकडे पाहिलं, पुन्हा वहीत पाहिलं, आणि पेन्सिलीने गावांच्या नावांखाली रेघा मारल्या.

झाडावरचा माणूस हळूच खाली उतरला. मला वाटलं, झालं आता. पण तो माझ्याकडे आला नाही. त्याने कोयता पाल्यात सरकवला आणि हात लोंबते सोडून उभा राहिला. बाई झाडांमागच्या झोपडीकडे धावत गेली आणि एक कोंबडी घेऊन आली. कोंबडीचे पाय बांधलेले होते. माझ्याकडे न बघता तिने ती सायकलच्या कॅरिअरला अडकवली आणि मागे सरली.

मला जीव वाचल्यासारखं झालं. पाहुण्याला कोंबडी देण्याची इथली रीत असावी. मी "आभारी आहे" म्हटलं आणि निघाले. उतारावर एकदा मी हसलेसुद्धा.

कासाला बाजारात एका सायकलवाल्याकडे हवा भरायला थांबले. तो पंप मारता मारता कॅरिअरकडे बघत होता.

"कुठल्या खात्यात, बेन?"

"कुठल्याच नाही."

"मग ही?"

"वरच्या चढावर एका बाईंनी दिली. भेट."

"भेट," तो म्हणाला आणि बाकड्यावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघून हसला. "ऐकलं का, काका? भेट मिळाली."

"झाडं तोडत होते का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"फांद्या तोडत होते."

"आणि तुम्ही वही काढली?"

मी रस्ता बघत होते, असं म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"त्यांना काय ठावं, बेन," सायकलवाला म्हणाला. "जंगलखात्याची खाकी आली, वही निघाली, की कोंबडी द्यायची. नाहीतर नाव लिहिलं जातं. जाऊ द्या. आज उतराल तिथं सांगा रस्सा करायला."

तलासरीचा रस्ता समोर होता. ऊन कलू लागलं होतं, पण दिवेलागणीला अजून वेळ होता. तेव्हाच निघाले असते तर सहज पोहोचले असते. कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकत होती. तिला मी जेवणाच्या डब्याच्या झाकणातून पाणी पाजलं आणि सायकल मागे वळवली.

या वेळी चढावर घंटी वाजवली नाही. भीती सकाळपेक्षा जास्त होती, कारण ती माणसंच मला घाबरली होती, हे आता माहीत होतं. ऐनाच्या झाडाशी कोणी नव्हतं. भारेही नव्हते. रस्त्यावरचा पालासुद्धा कोणीतरी झाडून काढला होता.

झोपडीचं दार लोटलेलं होतं. मी दोनदा हाक मारली. बाई बाहेर आली, तिच्या मागे झाडावरचा तो माणूस, तिचा नवरा असावा. मी कोंबडीचे पाय सोडले आणि तिला खाली ठेवलं. ती तिथेच बसून राहिली.

"मी कोणी नाही," मी म्हणाले. "मी नुसती सायकलवरून फिरते."

मलाच ते खोटं वाटलं. बाईने कोंबडीकडे पाहिलं, मग माझ्या खिशातल्या वहीकडे.

"ल्हान पडली काय, बाय?" तिने विचारलं. "दुसरी नाय आमचेकडं."

मी वही काढली तशी ती दचकली. रस्ता लिहिलेलं पान फाडून मी तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट पाहिलं, नवऱ्याला दाखवलं, आणि आत जाऊन चुलीत घातलं. पान जळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

मी उतरणीला लागले. कोयत्याचा आवाज पुन्हा सुरू होतो का, ते ऐकत मी ब्रेक दाबून अगदी हळू उतरले. तो सुरू झाला नाही. तलासरी लांबच राहिली; चारोटी गावाच्या अलीकडेच दिवे लागले.