जीप हलकी केली तेव्हा

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आम्ही दोघं माझ्या माहेरी केनवडला गेलो आणि माझ्या नवऱ्यानं व माझ्या बाबांनी जेवता जेवता माझ्या पोटात गोळा आणला. पोटात तेव्हा तसाही पाचवा महिना होता. दुसऱ्या गोळ्याला जागा नव्हती.

माझं सासर शेलूबाजारचं. ह्यांची एक जीप होती, तिच्यातून ते मंगरूळपर्यंत सवाऱ्या नेत. जीप मुळात पेट्रोलची, पण आधीच्या कुणा मालकानं तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून घेतलेलं. सकाळी ती म्हाताऱ्यासारखी खोकून उठायची आणि चढावर माणसं खाली उतरवायची. तरी ह्यांचा तिच्यावर जीव, माझ्यापेक्षा काकणभर जास्तच. इकडे माझ्या बाबांचा जीव बैलांवर. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्यांची पांढरी जोडी पळायची. त्या जोडीला घरात जे दूध मिळायचं ते आम्हा भावंडांना कधी मिळालं नाही. हे मी आजही रागानंच सांगते.

तर त्या दिवशी बाबा पुरणपोळीवर तूप ओतत म्हणाले, "जवाई, जीप तुमची झ्याक हाय. माणसाले झोप चांगली लागते तिच्यात."

ह्यांचा घास तोंडातच राहिला. "मामाजी, म्या पळवली नाई म्हून. पळवली तं तुमच्या जोडीले धूळ चारीन."

"मंग आना पटात. पुढच्या महिन्यात आपल्या गावचाच पट हाय."

"आनतो! अन् हरलो तं या घराचा उंबरा ओलांडनार नाई!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. आईच्या हातातली पळी थांबली. बाबा मात्र खूश. "लागली शर्त," म्हणाले आणि आणखी एक पोळी वाढायला सांगितली.

शेलूबाजारला परतल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाई मनानं चांगली, पण एकदा बोलली की बोलली. "जितं माह्या पोराचा पाय पडनार नाई," त्या म्हणाल्या, "तितं माही सून बाळंतपनाले जानार नाई."

मी चुलीपुढे बसून रडले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी धरूनच चालले होते. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मला आई लागते, दुसरं कुणी चालत नाही. आता ती मिळायची तर त्या खोकणाऱ्या जीपनं दोन तगड्या बैलांना हरवायला हवं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण त्या घटकेपासून मी बाबांच्या विरुद्ध गेले. डोळे पुसले आणि ह्यांना म्हटलं, "अवो, ते मागचे बाक कायले पायजेत? काढा ते."

बाजारातला मिस्त्री ह्यांचा दोस्त. जीपला पिकअप नाही, म्हणजे ती जागची उठायलाच वेळ लावते, हे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं. ते सगळ्या सवाऱ्यांनाही ठाऊक होतं. उपाय एकच, तो म्हणाला, वजन कमी करा. मग काय विचारता! मागचे बाक गेले, हूड गेला, पुढची काच गेली, स्टेपनी गेली, मागचा फळका गेला. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा होता, तो नेहमी कुरकुरायचा म्हणून तोही गेला. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांतली दोन-दोन पानं काढून जीप खाली बसवली, म्हणजे वळणावर डुलणार नाही. पटात वळण कुठं असतं, असं मी विचारलं. "तुले गाडीतलं कळत नाई," हे म्हणाले.

मिस्त्रीनं कुठल्याशा भंगारातून लहानसं स्टेअरिंग आणलं. लहान स्टेअरिंग म्हणजे चपळ गाडी, असं त्याचं म्हणणं. ते बसवल्यावर जीप वळवायला हे सीटवरून अर्धे उठायचे आणि वळण संपल्यावर घामेघूम होऊन खाली बसायचे. चपळ झाले ते हे, गाडी नाही. शेवटी सायलेन्सर काढला. इंजिनला मोकळा श्वास घेता आला पाहिजे म्हणे. त्या संध्याकाळी जीप सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीतली कुत्री गाव सोडून गेली आणि शेजारच्या आजीनं देवापुढे दिवा लावला.

एवढ्यावरही ह्यांचं समाधान होईना. गाडी हलकी तर हाकणाराही हलका हवा, म्हणून त्यांनी रात्रीची भाकर सोडली. सासूबाई मला म्हणाल्या, "माह्या पोराले उपाशी ठेवून राह्यली का तू?" पुढे टांगलेली लिंबू-मिरची काढावी की नाही यावर मात्र नवरा-बायकोत चांगला तासभर वाद झाला. शेवटी मिरच्या काढल्या आणि लिंबू ठेवलं.

पटाच्या दिवशी केनवडचं ते शेत माणसांनी फुललं होतं. जोड्यांच्या शर्यती आटोपल्या आणि मग कुणी कधी न पाहिलेला तमाशा उभा राहिला. एका बाजूला बाबांची पांढरी जोडी, हलकी छकडी आणि तिच्यावर बाबांचा धुरकरी, म्हणजे बैल हाकणारा. दुसऱ्या बाजूला सोललेल्या कोंबडीसारखी आमची जीप, तिच्यात रिकाम्या पोटी बसलेले हे. बायकांमध्ये मी आईशेजारी उभी होते. आई जोडीसाठी हात जोडत होती, मी जीपसाठी. आम्ही एकमेकींकडे पाहिलंच नाही.

झेंडी पडली. ह्यांनी जोरात पाय दाबला. बाक काढून मागून पोकळ झालेली जीप काळ्या मातीत जागच्या जागी चाकं फिरवत राहिली. मातीचा एक फवारा मागच्या पंचांवर गेला. आणि त्याच वेळी सायलेन्सर नसलेल्या त्या इंजिननं अशी डरकाळी फोडली की बाबांच्या बैलांना बाजूला वाघच आल्यासारखं वाटलं असावं. शेपट्या वर करून ते जे सुटले! धुरकरी ओरडत होता, पण पळवण्यासाठी नाही, थांबवण्यासाठी. ती जोडी एवढी कधी पळाली नव्हती आणि पुढे कधी पळालीही नाही. शेवटची खूण ओलांडली, बांध ओलांडला आणि शेजारच्या तुरीत जाऊन ती थांबली. जीप तेव्हा कुठं जागची हलली होती.

माणसं हसून हसून खाली बसली. आईनं आनंदानं माझा हात धरला, मग माझं तोंड पाहून सोडून दिला.

हे घरात आले नाहीत. जेवायचं ताट आईनं अंगणात पाठवलं तर तेही उभ्यानं खाल्लं, कारण महिनाभराची भूक होती. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "या नं आत, जवाई. गंमत होती ते."

"जबान दिली, मामाजी," हे म्हणाले आणि मला घेऊन निघाले. पाट्यांची पानं काढलेली ती जीप मला शेलूबाजारपर्यंत अशी आपटत घेऊन गेली की मी वाटभर ह्यांच्याशी बोलले नाही. काच नसल्यामुळे तोंडात धूळ गेली, ती वेगळीच.

सातवा लागला. सासूबाई शब्दाला चिकटून. हे गुमान बाक, हूड, पाटे, सायलेन्सर सगळं परत बसवत होते. मी रोज माहेरची वाट पाहायची आणि रोज संध्याकाळी मनातल्या मनात तिघांनाही शिव्या द्यायची. माझ्या पोटातल्या जिवावर दोन पुरुषांनी आपली मर्दुमकी लावली होती आणि तिसरीनं त्यावर शिक्का मारला होता.

अशात एका दुपारी बाबा दारात हजर. एसटीनं आले होते. काखेत जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक, जड. त्यांनी ते ओसरीवर सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि वरचं धोतर उलगडलं. आत लाकूड होतं, मधोमध झिजलेलं, कडेला हळदीकुंकवाचे डाग.

"हे काय आनलं, इवाई?" सासूबाईंनी विचारलं.

"उंबरा," बाबा म्हणाले. "माह्या घराचा. सुताराकून उखडून आनला. कंडक्टरनंबी हेच विचारलं. त्याले वाटलं म्या कुठं चोरी करून राह्यलो."

बाबा ह्यांच्याकडे वळले. "जवाई, तुमी म्हनलं उंबरा ओलांडनार नाई. नका ओलांडू. घराले उंबराच नाई राह्यला आता. तुमची जबानबी राह्यली अन् माही लेकबी घरी येईन."

सासूबाईंनी पदर कपाळावर ओढला. "अवो, उंबऱ्याबिगर घरात लक्षुमी कुठून येईन?"

"जिकून माही लेक येईन, तिकून," बाबा म्हणाले. माझ्या बाबांनी माझ्याविषयी तोंडावर चांगलं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी आत जाऊन पुन्हा रडले, पण या वेळी पिशवी भरता भरता.

सासूबाईंनी माझी ओटी भरली. हे जीप काढून उभे राहिले. मागच्या बाकावर गोधड्या अंथरल्या होत्या, त्यावर मी, शेजारी बाबा आणि बाबांच्या मांडीवर उंबरा. ह्यांनी जीप इतक्या हळू चालवली की एक सायकलवाला आमच्या पुढे गेला. बाबा अस्वस्थ झाले. "जवाई, जराशी पळवा नं."

"नाई," हे म्हणाले. "आज नाई पळवत."

दिवस कलता कलता घरासमोर उतरलो. दाराच्या चौकटीला खाली नुसती खाच होती, दोन बाजूंना उखडलेली माती. आई बाबांवर महिनाभरापासून रागावलेली दिसत होती, तरी तिनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि मला आत घेतलं. मग सगळे ह्यांच्याकडे पाहू लागले.

हे दारापर्यंत आले. खाली त्या रिकाम्या खाचेकडे त्यांनी नीट पाहिलं. घसा खाकरला. आणि मग, जन्माची सवय, पाय चांगला गुडघ्याएवढा उचलून त्यांनी नसलेला उंबरा ओलांडला.