भुंगेऱ्याच्या चिठ्ठीवरचं नाव

साक्रीच्या पलीकडच्या एका पाड्यावर, नागलीच्या शेतात मी पाच दिवस प्लास्टिकचे कप पुरत होतो. जमिनीवर पळणारे भुंगेरे पकडायची हीच रीत. कपाची कड मातीच्या पातळीत ठेवायची. एकदा आत पडलेल्याला वर चढता येत नाही. माझं एमएस्सीचं शेवटचं वर्ष होतं. आजही ओल्या बांधाचा वास आला की ते शेत आठवतं, आणि कमरेवर हात ठेवून उभी असलेली शेताची मालकीण, अक्का. "बठ्ठा वावरले चहा पाजस का, भाऊ?" शेतभर पुरलेले कप बघून ती रोज विचारायची.

कपांत मुंग्या आणि रातकिडे सोडून काही पडलं नाही. पाचव्या दिवशी तिनेच बांधावरचा दगड उलटवला आणि पळसाच्या पानात एक काळा भुंगेरा धरून आणला. पाठीवर सहा पांढरे ठिपके.

"तोंड फिराई धर. हाऊ डोयामा पिचकारी मारस." मी तो डोळ्यांपासून लांब धरून डबीत टाकला.

जळगावला कॉलेजात माझ्या मार्गदर्शक सरांनी तो भिंगाखाली पाहिला. आपल्या भागातून याची नोंद त्यांनी कधी वाचली नव्हती. माझा पहिला शोधनिबंध होणार होता. भुंगेऱ्याच्या टाचणीला लावायच्या चिठ्ठीवर मी गाव लिहिलं, तारीख लिहिली आणि 'पकडणारा' यापुढे माझं नाव.

लहानपणी पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी वडिलांच्या कामगार संघटनेच्या पाठकोऱ्या पत्रकांवर मी गणितं सोडवली होती. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, याविरुद्धची ती पत्रकं चौकात उभं राहून वाटलीही होती.

सरांनी सहज विचारलं, कितव्या कपात सापडला? कुठलाही आकडा चालला असता. मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. पेन उचललं तेव्हा लक्षात आलं, अक्काचं नावच मला माहीत नाही. पाच दिवस तिच्या हातची भाकरी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी साक्रीची एसटी पकडली. किड्याच्या कागदावर माणसाचं नाव लागतं हे ऐकून अक्का हसतच सुटली. मग नाव सांगितलं. मी सवयीने पुढे नवऱ्याचं विचारलं.

"त्यानं कसाले? दगड मी उचला. मनंच लिख."

मी वहीत तिचं एकटीचंच नाव लिहिलं. तिने वही ओढून घेतली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत ते वाचलं.