लिंबू धरलेला हात

विलायतेहून कला बघायला येणाऱ्या लोकांचा मला राग आहे, आणि तो मरेपर्यंत जायचा नाही. मुंबईत उतरायचं, लोणावळ्याच्या हॉटेलात चार दिवस राहायचं, सकाळी कार्ल्याची लेणी, दुपारी भाज्याची, आणि संध्याकाळी हॉटेलच्या अंगणात आमच्यासारख्यांचे खेळ. लेण्यांतल्या दगडाचं काही बिघडत नाही. आमची माणसं हाडामांसाची.

माझे मालक औंढ्याच्या तालमीचे वस्ताद. त्यांच्यासारखा दांडपट्टा आसपास कुणी फिरवत नव्हतं. पट्टा म्हणजे लांब, लवलवतं पातं, आणि मुठीच्या जागी कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा. त्यात हात घातला की मनगट वळत नाही, सगळा वार खांद्यातून. खेळाच्या शेवटी एका चेल्याने तळहातावर लिंबू धरायचं आणि वस्तादांनी त्याच्या दोन फोडी करायच्या. तालमीचा दंडक एकच, लिंबू धरलेला हात मागे घ्यायचा नाही. घेतला त्याला गावात तोंड दाखवायची सोय राहत नसे.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांच्या भाकऱ्या घेऊन हॉटेलात गेले होते. खेळ रंगला. लिंबू कापायच्या वेळी एक दांडगा साहेब खुर्चीतून उठला आणि पट्टा मागू लागला. हॉटेलचा बटलर म्हणाला, "साहेब तिकडं तलवारीत बक्षिसं मारतात. लिंबू त्यांनाच कापायचंय." तिकडची तलवार मनगटावर चालते, हे आम्हाला काय ठाऊक? पाहुण्याने मागितलं, मालकांनी दिलं. एक चेला लिंबू घेऊन पुढे आला, त्याला त्यांनी मागे सारलं.

"माझ्या पोराचा हात न्हाई द्यायचा," म्हणाले, आणि लिंबू स्वतःच्या उजव्या हातावर ठेवलं.

मी पुढे झाले. "अवो, ऱ्हाऊ द्या. त्याला काय कळतंय त्यातलं?"

"गप ऱ्हा."

साहेबाने वार केला. मनगट वळवायला गेला, ते वळेना, पातं लचकलं आणि आडवं आलं. ते येताना मला दिसलं, तर त्यांना दिसलं नसेल? हात तसूभर हलला नाही. लिंबू अख्खंच्या अख्खं खाली पडलं, आणि त्याच्याबरोबर मधली तीन बोटं.

मी कुणाची तरी काठी हिसकली आणि साहेबाच्या तोंडावर घातली. खोबळ्यात अडकलेला हात त्याला वर घेता येईना. पहिल्या तडाख्याला नाक फुटलं, दुसऱ्याला दात पडले. तिसरा मालकांनी अडवला, रक्ताने निथळणारा हात मध्ये घालून. दुसऱ्या हाताने माझ्या थोबाडीत दिली.

"पाव्हणा हाय त्यो," म्हणाले, आणि तिथंच खाली बसले.

साहेबाने बोभाटा केला नाही. कुठल्या तोंडाने करणार? दुसऱ्या दिवशी ती मंडळी मुंबईला निघून गेली.

गावाने मालकांना डोक्यावर घेतलं. जो तो यायचा आणि म्हणायचा, "वस्ताद, हात हलला न्हाई तुमचा." मी चहा ओतायची आणि माझं डोकं फिरायचं. अरे, हलला असता तर आज धड असता की. साहेबापेक्षा नवऱ्यावर जास्त चिडले होते मी. चुकलं, एवढं एकदा त्यांनी म्हणावं, म्हणून जीव तडफडत होता.

भाताच्या आवणीला आम्ही दोघं चिखलात उतरलो. अंगठा आणि करंगळी यांच्यात रोप ठरेना. कसंबसं लावलेलं पुन्हा पाण्यावर तरंगायचं. शेजारच्या वावरातल्या बाया बघायला लागल्या, तसे ते बांधावर जाऊन बसले. मी जवळ गेले. मान वर न करता म्हणाले, "मागं घ्याया पायजे हुता गं."

इतके दिवस ज्यासाठी तडफडले, ते ऐकलं, आणि वाटलं, देवा, हे यांच्या तोंडून नको होतं ऐकायला.

"कायबी काय बोलताय," मी म्हटलं. "वस्तादाचा हात मागं येत असतोय व्हय?"