फायबरला लागलेलं कुंकू
स्पिरिटचा वास आला की मला जळगावच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा आठवते. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिथं मांडला होता: एका पेटीत प्रोसेसर, दुसरीत मेमरी, आणि मध्ये प्रकाश वाहून नेणारी फायबर केबल, म्हणजे ज्या यंत्राला जेवढी मेमरी लागेल तेवढी त्यानं सामाईक पेटीतून घ्यावी. दसऱ्यानंतर बाहेरचे परीक्षक आले, मी बटण दाबलं, आणि पडद्यावर मेमरी शून्य. "कल्पनाच कच्ची आहे," ते म्हणाले. आमच्या घरातली पहिली पदवी तिथंच अडकणार होती, पण कल्पना पक्की होती हे मला ठाऊक होतं. "पाच मिनिटं द्या, सर," म्हणत मी केबल काढली, स्पिरिटचा बोळा तिच्या टोकावर फिरवला, तर बोळा लाल. खंडेनवमीला आमच्या शिपाई नानांनी केबलच्या टोकांची झाकणं काढून प्रत्येक जोडणीला भक्तिभावानं हळदकुंकू लावलं होतं, आणि त्यानंच प्रकाश अडला होता. नाना रोजंदारीवर होते. त्यांचं नाव निघालं असतं तर काम गेलं असतं, आणि ते दारातच उभे होते. मी बोळा मुठीत दाबला, सगळी टोकं पुसून केबल बसवली, आणि मेमरी दिसायला लागली. "काय झालं होतं?" परीक्षकांनी विचारलं. "धूळ, सर." ते गेल्यावर नाना हळूच म्हणाले, "पोरी, धूय लाल ऱ्हास का?" "आपल्या कॉलेजात असते, नाना." आज मी पुण्यात हेच काम करते, आणि कुणी पुन्हा विचारलं तरी मी तेच उत्तर देईन.