अर्धी बकरी

आमच्या घरी पेपर दुपारी यायचा. तसा तो सकाळीच वणीकडून येणाऱ्या एसटीने मारेगावात उतरायचा, पण आधी जायचा बाबांच्या दुकानात. मेन रोडवर बाबांचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. सकाळभर तो पेपर तिथे गल्ल्याजवळ पडून असे. बाबा वाचायचे, गिऱ्हाइकं वाचायची, शेजारचा चहावाला येऊन चाळायचा. मग सुट्टीच्या दिवसांत दादा बाबांचा डबा घेऊन जायचा आणि येताना पेपर आणायचा.

त्या पेपराच्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, रोज एक चित्रकथा असे. ढेरपोट्या हवालदार आणि त्याची बकरी. हवालदार चोर शोधायचा आणि बकरी पुरावा खाऊन टाकायची. कधी चोराची चप्पल, कधी साक्षीदाराची टोपी. चारच चौकटी, त्याही काळ्या-पांढऱ्या, आणि शाई बोटांना लागायची. वाचायची आमची पद्धत ठरलेली होती. दादा हवालदार, मी बकरी. बकरीच्या वाट्याला नुसतं ‘बें’ यायचं, पण ते कसं करायचं हे मी ठरवायची. संशयाचं बें वेगळं, पोट भरल्याचं वेगळं. आई भाकरी थापता थापता विचारायची, “तुमची बकरी आज काय खाऊन राह्यली?”

दिवाळीच्या सुमारास मामा नागपूरहून चित्रकथांचा वार्षिक अंक आणायचा. जाडजूड, रंगीत, उघडला की डिंकाचा वास येणारा. त्यात याच हवालदाराची एक लांबलचक गोष्ट असे. आपली बकरी तपकिरी आहे हे मला पहिल्यांदा त्या अंकातच कळलं. तोवर मी तिला पांढरी समजत होते, आणि दोन दिवस मला ते पटलंच नव्हतं. पहिल्या दिवशी फक्त चित्रं पाहायची, वाचायचं नाही, असा दादाचा नियम. तो सुरुवातीला एक एक पान उलटायचा, हात धुऊन. मला तो नियम कधीच पाळता आला नाही. तो जेवायला बसला की मी शेवट वाचून यायची आणि मग तोंडावर काही दिसू न देता त्याच्याबरोबर पुन्हा सगळं वाचायची.

ज्या वर्षाबद्दल सांगते आहे, त्या दिवाळीला अंक आला नव्हता. मामाचा कापूस घरातच पडून होता, भाव नव्हता, आणि तो नागपूरला गेलाच नव्हता. त्या वर्षांत आमच्याकडे कोणी कोणावर भरवसा ठेवत नसे. कापूस विकायला नेणारा माणूस वजनकाट्यावरून नजर हलवत नसे. व्यापारी कापसात कोपरापर्यंत हात घालून आत पाणी तर मारलं नाही ना हे चाचपायचा. आणि बाबांच्या दुकानात लोक सरकीची, म्हणजे कापसाच्या बियाण्याची, थैली उलटीपालटी करत, शिवण बघत, वास घेत. “बोगस तं नाई ना, भाऊ?” हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला तो रामराम घालण्याचाच एक प्रकार वाटायचा.

मग जून आला. आमच्याकडे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे आम्ही घरीच होतो. मृगाआधीच बरा पाऊस झाला होता आणि घाई करणाऱ्यांनी सरकी लावूनही टाकली होती. एका दुपारी दादाने पेपर उघडला तर बकरीच्या जागी खिडकीसारखं भोक. ब्लेडनं नीट, सरळ कापलेलं.

“कोणं कापलं असन?” मी विचारलं.

“चोरानं,” दादा हवालदाराच्या आवाजात म्हणाला. तेव्हा आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी बकरी जागेवर होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा भोक. आता हसू आलं नाही. दादाने पलंगावर मांडी घालून तपास सुरू केला. पेपरवाल्याच्या घरी लहान मुलं होती, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. चहावाला भजी बांधायला कागद लागतो म्हणून कोणाचाही कागद उचलतो, म्हणून दुसरा त्याच्यावर. पण भजी बांधायला कोणी ब्लेडनं चौकोन कापत नाही, असं मी म्हटलं आणि दादाने ते मान्य केलं.

त्याला एक गोष्ट मात्र खटकत होती. त्या भोकाच्या उजव्या कडेला शेवटच्या चौकटीचा तुकडा तसाच राहिला होता. बकरीचं मागचं अर्धं अंग आणि शेपटी.

“चोराले चित्र पाह्यजे होतं तं त्यानं अर्धी बकरी कायले सोडली?” तो म्हणाला.

मग तो सकाळी एसटी स्टँडवर जाऊन उभा राहिला. पेपरवाल्याच्या हातातून आमचा पेपर स्वतः घेतला, तिथेच उघडून पाहिला आणि दुकानात नेऊन दिला. बकरी पूर्ण होती. दुपारी तोच पेपर घरी आला तेव्हा भोक होतं. म्हणजे चोरी दुकानात होत होती.

पुढच्या सकाळी मी बाबांना म्हटलं, मी दुकानात येते, घरी करमत नाही. खतांच्या पोत्यांवर बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवली. चहावाला आला, पेपरचं पहिलं पान वाचून गेला, मी त्याचे हात पाहत होते. एक म्हातारा बराच वेळ तेच पान धरून बसला, तर मी उठून त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. त्याने विचारलं, “काय पाह्यतं वं?” काही नाही म्हणून मी परत बसले. मग दुकान रिकामं झालं. बाबांनी पेपर ओढला, पान उलटलं, खोकी फोडायचं ब्लेड घेतलं आणि चार रेघांत तो चौकोन कापला. गल्ल्याचा खण ओढून त्यात अंथरलेल्या कागदाखाली तो सरकवला. मी पोत्यांवर आहे हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

मला राग आला नाही. उलट मी पळतच घरी गेले. “दादा, बाबाच कापून राह्यले! ते आपल्यासाठी अंक करून राह्यले!” मला अगदी खात्री होती. मामाने अंक आणला नाही, म्हणून बाबा कात्रणं जमवून, शिवून, आम्हाला देणार होते. मी पुठ्ठा कुठला वापरतील इथपर्यंत गेले होते.

दादाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मंग शेपूट कायले सोडतीन?”

तो मला घेऊन वाचनालयात गेला. तिथे तोच पेपर येत असे आणि जुने अंक दोरीने बांधून ठेवलेले असत. आम्ही घरचं भोक पडलेलं पान सोबत नेलं होतं. ते त्याने तिथल्या त्याच तारखेच्या अख्ख्या पानावर ठेवलं. भोकातून बकरी दिसली. मग त्याने दोन्ही पानं उलटी केली आणि भोकाचं पान पुन्हा वर ठेवलं. भोकात आता एक बातमी दिसत होती, मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत, चौकटीत बसवल्यासारखी.

सरकी न उगवल्याची बातमी होती ती. एका वाणाचं नाव होतं, शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या, चौकशीची मागणी होती. बाकीच्या कापलेल्या दिवसांच्या पेपरांतही त्याच जागी तेच, दुसऱ्या गावांची नावं घेऊन. फुललेल्या बोंडाचं चित्र असलेल्या त्या वाणाच्या थैल्या बाबांच्या दुकानात समोरच्याच फळीवर होत्या. मी त्यांच्याखाली बसूनच चोर शोधला होता.

घराजवळ आल्यावर दादा म्हणाला, “आईले सांगू नोको.”

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. बाबा घरी आले की मी त्यांच्या तोंडाकडे पाहायची. ते नेहमीसारखेच जेवायचे, नेहमीसारखेच माझ्या डोक्यावर टपली मारायचे, आणि नेहमीसारखे आहेत याचाच मला जास्त संशय यायचा. ते आईशी हळू बोलले की मी कान द्यायची. दुकानात जाऊन त्या फळीवरच्या थैल्या कमी झाल्या का ते पाहून यायची. कधी वाटायचं झाल्या, कधी वाटायचं नाही. मोजायची हिंमत झाली नाही.

एक दिवस मी अशीच पोत्यांवर बसलेली असताना जवळच्या गावची एक बाई आली. नवरा नसलेली, स्वतः शेत करणारी, दरवर्षी आमच्याकडूनच बियाणं नेणारी. उन्हातून चालत आली होती. आधी माठातलं पाणी प्यायली, मग म्हणाली, “भाऊ, मांगच्या सालचीच थैली दे. बोंडाचं चित्र होतं ते.”

बाबांचा हात फळीकडे गेला. थैलीवर ठेवला, पण उचलली नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, “मावशी, ते निंघत नाई. पेपरात आलं हाये.”

बाबा वळले. माझ्याकडे असं त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. “घरी जाय,” ते म्हणाले.

मी उठले आणि पोत्यांजवळच उभी राहिले. बाईने आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं. “पोरगी काय म्हणते, भाऊ?”

बाबांनी गल्ल्याचा खण ओढला, कागदाखालून ती कात्रणं काढली आणि काउंटरवर तिच्यासमोर ठेवली.

“मले कोठी वाचता येते,” ती म्हणाली. “तूच वाच.”

आणि बाबांनी वाचलं. एका सुरात, एकही ओळ न गाळता, एकामागून एक सगळी कात्रणं. चहावाला दारात येऊन उभा राहिला, रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले. बाबा वाचत होते तेव्हा कागदाची चित्राची बाजू माझ्याकडे होती. बातमी संपल्यावर बाई म्हणाली, “बरं झालं सांगतलं,” आणि दुसऱ्या वाणाची थैली घेतली. उलटीपालटी करून, वास घेऊन.

त्या संध्याकाळी बाबांनी तो सगळा माल फळीवरून काढून मागच्या खोलीत टाकला. यवतमाळच्या ज्या व्यापाऱ्याकडून आणला होता त्याच्याकडे परत घेऊन गेले, तर त्याने तो घेतला नाही. पुढे पाऊस लागला आणि आधी त्या थैल्या नेलेले लोक येऊ लागले. काहींची सरकी निघाली होती, काहींची नाही. ज्यांची नाही ते भांडायला आले, आणि एक जण तर रिकामी थैली काउंटरवर आपटून गेला. बाबांनी त्यांना दुसऱ्या थैल्या दिल्या. त्यानंतर कोणी ‘बोगस तं नाई ना’ विचारलं की ते म्हणायचे, “मले माहीत नाई. ओल्या फडक्यात थोडे दाणे बांधून पाह्य, कोंब आले तं लाव.” काही गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली, काही टिकली. दोन-तीन वर्षांनी त्यांनी बियाणं ठेवणं बंद केलं आणि पाइप-नळाचं सामान ठेवलं.

त्यांनी मला कधी रागावलं नाही, आणि शाबासकीही दिली नाही. मी मोठी झाल्यावर, लग्नानंतर माहेरी आलेली असताना, एकदा विचारलं, “बाबा, पेपरात आल्यावरही कोणाले इकलं होतं का?”

ते अंगणात बाजेवर बसले होते.

“दोघांले,” ते म्हणाले. “दोघांचीबी सरकी निंघाली. पण ते मले देतानी कोठी माहीत होतं.”

आईने आतून चहाला हाक मारली. ते उठले आणि मीही त्यांच्यामागे आत गेले.