अंगात येणारा भाडेकरू

“आजी, आवाज जास्त होतोय का?” असे रोज विचारणाऱ्या माणसाने त्या दिवशी माइकसमोर तोंड उघडले आणि आवाजच आला नाही. मागे ड्रम चालू, पुढे पोरे ओरडत होती. त्याने पुन्हा तोंड उघडले. मग पाठ फिरवून रुमालात थुंकला. रुमाल लाल झाला. लवासाच्या रस्त्याला एका हॉटेलच्या लॉनवर हे झाले. मी पुढेच खुर्चीवर होते. त्यानेच आग्रह करून नेले होते.

तुम्हीही त्याला पाहिले असेल, कासार आंबोलीच्या फाट्यावर. कमरेपर्यंत केस, बनियनवर कवटी, हातात कोथिंबिरीची जुडी.

म्हशी विकल्यावर माझा गोठा रिकामाच होता. “आमचा बँड आहे, सरावाला जागा हवी,” म्हणत हे चौघे आले. आमच्याकडे बँड म्हणजे लग्नाचा. मी लगेच पुतण्याच्या हळदीला त्यांना सांगून टाकले. तेही आले बिचारे.

याने पोटातून पहिली डरकाळी काढली आणि नवरदेवाची आत्या उठलीच. “वारं आलं गं बाई!” तिने त्याच्या कपाळाला कुंकू फासले, हातात लिंबू दिले आणि विचारले, “देवा, आमच्या बोअरला पानी कुटं लागंल?”

तो गायचा थांबला. “मावशी, मला नाही हो माहीत. पण लागेल.”

पाणी काही लागले नाही. तरी बाई पुढे कायम त्याच्या पाया पडायची आणि तो लाजून पळायचा.

मराठीत असली डरकाळ्यांची, ‘मेटल’ की काय म्हणतात ती गाणी करणारे हे पहिलेच, असे पुण्याहून येणारी पोरे सांगत. रविवारी त्यांच्या मोटारसायकली देवळापर्यंत लागत. बंगळूरला बोलावणे, शिलाँगला बोलावणे. मला ते गाणे कधी कळले नाही. गिरणीत खडा अडकल्यासारखे वाटे. सराव संपला की तोच माणूस माझ्या ओट्यावर लसूण सोलत बसे आणि इतके हळू बोले की मी खेकसायची, “मोठ्यानं बोल की लेका, आता काय झालं?”

मग एक जण कॅनडाला गेला. एकाला बायकोने बँड सोडायला लावला. ड्रमवाला हिंजवडीत कंपनीत लागला, सुट्टी मिळेल तेव्हा येई. एकट्या याच्यासाठी पुण्याची पोरे गोठ्यावर येईनाशी झाली. घसा बसत होता, तरी हा थांबेना. लॉनवरचा कार्यक्रम त्याने उसनी माणसे घेऊन केला.

डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली. जगायचे तर ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढावे लागेल, आवाज जाईल, म्हणाले. तो दवाखान्यातून थेट माझ्याकडे आला आणि ओट्यावर बसून राहिला. मी चहा दिला, तोही गिळवेना.

“आजी, आवाज गेला तर मी कोण?”

“भाडेकरू,” मी म्हटले. “आन मेल्यापरीस जिता भाडेकरू बरा. सही कर जा.”

तो हसला. हसता हसता रडला. मी आत जाऊन भाकरी थापल्या. उगाच समोर बसून काय करायचे?

त्याने ऑपरेशनच्या कागदावर सही केली. पावसाळ्याआधी सामान न्यायला आला तेव्हा गळ्याला भोक होते, वर पांढरे फडके. जाताना पाया पडला. ताम्हिणी घाट उतरून तो बहिणीच्या गावी गेला. तिथे नारळाची रोपे करतो. गोठ्यात आता एकाचे सिमेंट आहे.

बँड त्या लॉनवर संपला. तो वाचला.